पहाटेचं स्वप्न आणि मध्यरात्रीची किंकाळी

मूल रात्री ओरडत उठतं, अशी तक्रार घेऊन पालक आले की माझा पहिला प्रश्न असतो, ‘किती वाजता?’ स्वप्नात काय दिसलं हे सांगायला ते उत्सुक असतात. पण पुढे काय करायचं, हे बऱ्याचदा घड्याळच सांगतं.

नऊला झोपलेलं मूल साडेदहा-अकराला किंकाळी फोडून उठून बसलं, डोळे सताड उघडे, दरदरून घाम, आईलाही ओळखत नाही, जवळ घ्यावं तर ढकलतंय, असं असेल तर ते बहुधा वाईट स्वप्न नव्हे. गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्यावर असं होतं. याला ‘स्लीप टेरर’ म्हणतात. बघणाऱ्यांची गाळण उडते, मुलाला मात्र सकाळी सहसा काही आठवत नाही. त्याला गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. पलंगावरून पडणार नाही, जिन्याकडे धावणार नाही, एवढं पाहा. काही मिनिटांत ते आपोआप शांत होतं. सकाळी पाहुण्यांसमोर त्याची नक्कल करण्याचा मोह टाळा.

वाईट स्वप्नाची वेळ बहुधा पहाटेची. ज्या झोपेत बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात, ती रात्रीच्या उत्तरार्धात वाढत जाते. मूल पुरतं जागं होतं, तुम्हाला बिलगतं, स्वप्न आठवून रडतं. आणि इथेच आपल्या घरांतली एक समजूत आड येते: पहाटेचं स्वप्न खरं होतं! आई मेल्याचं स्वप्न पडलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या कानावर हे वाक्य पडलं, तर ती शाळेत तरी कशी जाईल? तिला सरळ सांगा, ‘पहाटे सगळ्यांनाच जास्त स्वप्नं पडतात आणि तेव्हाच जाग आली तर ती लक्षात राहतात. म्हणून काही ती खरी होत नाहीत.’ आजीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली तर माझी हरकत नाही; मायेनेही मूल शांत होतं. फक्त ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ ही चर्चा त्याच्यासमोर नको.

रात्री फार बोलू नका. जवळ घ्या, पाठीवरून हात फिरवा, ‘स्वप्न होतं, संपलं, मी इथेच आहे’ म्हणा. बॅटरी घेऊन पलंगाखाली राक्षस शोधू नका. तुम्ही शोधताय म्हणजे तो असू शकतो, असं मुलाला वाटतं. तीन वर्षांच्या मुलाला स्वप्न आणि खरं यांतला फरक नीट कळत नाही, तिथे तर्क चालत नाही, कूस चालते.

खरं काम दिवसाउजेडी करायचं. पाच-सहा वर्षांपुढचं मूल असेल आणि त्याची इच्छा असेल, तर स्वप्नाचं चित्र काढू द्या आणि विचारा, ‘आता याचा शेवट कसा हवा?’ मागे लागलेला कुत्रा बिस्किट मागत होता, असं ते ठरवेल. शेवट त्याचाच हवा, तुम्ही सुचवलेला नको. मग दिवसा काही दिवस ती नवी गोष्ट त्याने मनात घोळवायची. वारंवार दुःस्वप्नं पडणाऱ्या मोठ्या माणसांच्या उपचारांत ही रीत रुळली आहे. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांना तिचा झालेला उपयोग बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडला होता.

जंतांचं औषध देऊन स्वप्नं थांबत नाहीत. ताप, नवी शाळा, घरातली भांडणं, भीतिदायक व्हिडिओ ही कारणं नेहमीची. अपुरी झोप हे दोन्ही प्रकारांत दिसणारं कारण. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास, सहा ते बाराच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. घरातली मालिका अकराला संपते आणि स्कूल बस साडेसहाला येते, तिथे हा हिशेब जमणार कसा? शिवाय ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ आपणच म्हणायचं. माझ्या दवाखान्यात तर माझ्यासमोरच माझ्या सुईची धमकी दिली जाते!

दमा किंवा सर्दीसाठी मॉन्टेलुकास्ट असलेलं औषध सुरू केल्यावर स्वप्नं वाढली असतील, तर डॉक्टरांना लगेच सांगा. हा त्याचा ज्ञात दुष्परिणाम आहे.

मूल रोज घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मुलाला एखाद्या घटनेचं तेच ते स्वप्न पडत असेल किंवा दिवसाही ते एखाद्या माणसाला, जागेला घाबरत असेल, तर थांबू नका. त्याला कुणी त्रास देतंय का, हे शांतपणे जाणून घ्या. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे. एका रात्रीत अनेकदा, दर वेळी अगदी तसेच, हातपाय ताठ होणारे छोटे झटके येत असतील तर ती फिटही असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा. तपासणीच्या वेळी मूल टेबलावर बसून हसत असतं. तेव्हा तो व्हिडिओच आम्हाला उपयोगी पडतो.