बाळ घरी आल्यानंतरचे दिवस

दिवाळी झाली की आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबाऱ्याच्या आसपासचे पाडे रिकामे होऊ लागतात. टोळ्या बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला निघतात. मागे म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि एखाद-दुसरी गरोदर बाई राहते. माझं दुसरं बाळंतपण नेमकं त्याच दिवसांत आलं. दवाखान्यात पोचायची तयारी हल्ली बहुतेक घरांत होते. बाळ घरी आल्यावर बाईजवळ कोण राहणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. माझा जीव तिथेच धोक्यात आला.

बाळंतपण सुखरूप झालं होतं. सरकारी गाडीने घरी सोडलं. नवरा टोळीबरोबर, माझी आईही तिकडेच, घरात फक्त सासूबाई, त्यांनाही नीट दिसत नाही. आठवडा उलटला असेल, कमी झालेलं रक्त जाणं पुन्हा वाढलं, गाठी पडू लागल्या, अंगात थंडी भरली. पाड्यावरच्या बायका म्हणाल्या, बाळंतिणीचं जातंच. पाणी भरायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याच दिवशी आशाताईंची फेरी होती. त्यांनी कापड बघितलं, ताप मोजला आणि सरळ १०८ला फोन लावला. नंदुरबारला तपासल्यावर कळलं, वारेचा तुकडा आत राहिला होता. रक्त चढवावं लागलं.

बाळंतपणानंतर रक्त जातच असतं, पण ते दिवसागणिक कमी आणि फिकं होत गेलं पाहिजे. तासाभरात कापड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला किंवा थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी थांबू नका. डोकं फुटल्यासारखं दुखणं, नजर अंधुक होणं, झटके येणं, दम लागणं, एकच पाय सुजून दुखणं, हेही तसंच. रक्तदाब बाळंतपणानंतरही वाढतो, हे मला दवाखान्यातच कळलं. ही लक्षणं घरातल्या दुसऱ्या माणसाला आधी सांगून ठेवा, कारण बाळंतीण स्वतः तेव्हा बोलायच्या अवस्थेत नसते.

आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. माहेरी जाणार असाल तर तिथल्या आशाताईंना आधी कळवा, नाहीतर या फेऱ्या दोन्ही गावांच्या मधेच हरवतात. तोडीवर जावंच लागलं तर माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत ठेवून जाऊ नका, जवळ ठेवा. १०८ गुजरातेतही लागतो.

रक्ताचं आधीच बघावं लागतं. आपल्या भागात सिकलसेल आहे, म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच नवरा-बायको दोघांनी चाचणी करून घ्यावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची असते. आजार स्वतः बाईला असेल तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच ठरवावं आणि लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्या. बाकीच्यांनी गोळी चहाबरोबर घेऊ नये. रक्तगट कार्डावर लिहून घ्या आणि वेळेला रक्त देणारी दोन माणसं गावात असतील हे बघा, टोळीत गेलेला भाऊ त्या रात्री उपयोगी पडत नाही.

खाण्याचं सांगायचं तर अंगणवाडीतला अमृत आहार गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतरही काही महिने मिळतो. तो घ्यायला लाजू नका. त्यावर घरची नागलीची भाकर, आपल्या नवापूरची तूरडाळ, भाजी. बाळंतिणीला डाळ, पाणी बंद करणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगते, दूध त्यातूनच यायचं असतं. शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीतही बाळाला ठेवू नका. सरकारच्या मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी असेल तर ६,००० मिळतात, खातं मात्र बाईच्या नावाचं लागतं. ते उशिरा येतात, म्हणून गाडीभाड्यापुरते हातातले वेगळे ठेवा.

एक गोष्ट बायका बोलत नाहीत. दवाखान्यातून परतल्यावर मला बाळाकडे बघवेना, सारखं रडू यायचं. पहिले काही दिवस असं अनेकींना होतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. १४४१६ या मदत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

यंदा माझ्या जावेची तारीख पौषात आहे. तिच्या नवऱ्याने टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेण्याआधीच सांगितलं की या हंगामात बाळंतपण आटोपल्यावर, एकटाच, अर्धा कोयता म्हणून येईन. उचल कमी मिळाली. पण एकदा पूर्ण उचल घेतली की मुकादम सुट्टी देत नाही, म्हणून हे बोलणं पावसाळ्यातच, पैसे हातात पडण्याआधी व्हायला हवं.