तीन गोलांची गोष्ट

मुलांनो, १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आपल्या कळंबच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. त्या दिवशी आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, दूर ऑस्ट्रेलियात, हैदराबादचे एक शिक्षक आणि मुंबईचा एक खेळाडू यांनी देशाचे नाव मोठे केले. शिक्षकांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडूचे नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ साली गोव्यातील आसगाव येथे झाला. ते मुंबईत टाटांच्या संघातून खेळत. गोल करणे हे त्यांचे काम. रहीमसाहेब भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. चेंडू एकट्याने पळवत बसू नका, तो पटकन सोबत्याकडे द्या, असे ते शिकवत.

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी होता. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी साधली! मध्यंतराला दोन्ही संघांचे दोन-दोन गोल झाले होते. मैदान परके, प्रेक्षकही परके. पण नेव्हिल डगमगले नाहीत. पन्नासाव्या मिनिटाला त्यांनी तिसरा गोल केला. पुढे किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा जिंकला.

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल हे आशियातील पहिले खेळाडू ठरले. उपांत्य फेरी गाठणारा आशियातील पहिला संघही भारताचाच होता. त्या फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल नेव्हिल यांनीच केला. पण भारत १-४ असा हरला. पुढच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला हरवले. कांस्यपदक हुकले. तरी स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांमध्ये नेव्हिल होते.

१९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही. नेव्हिल १९८० साली वारले. त्यांच्याजवळ ऑलिंपिकचे पदक नव्हते. तरीही फुटबॉलप्रेमी त्यांचे नाव आजही आदराने घेतात. का बरे? पदक मिळाले नाही, म्हणून केलेली कामगिरी पुसली जात नाही. दोनदा बरोबरी होऊनही जो तिसऱ्यांदा जोमाने धावतो, त्याला लोक विसरत नाहीत.

शब्दार्थ
यजमान – ज्यांच्याकडे स्पर्धा भरते तो देश
बरोबरी साधणे – समान गोल करणे
डगमगणे – धीर सोडणे
उपांत्य फेरी – अंतिम फेरीच्या आधीची फेरी
हुकणे – हातातून निसटणे

स्वाध्याय
१. रहीमसाहेब खेळाडूंना काय शिकवत?
२. मध्यंतराला सामन्याची स्थिती काय होती?
३. पदक न मिळताही लोक नेव्हिल यांना का विसरले नाहीत? तुमच्या शब्दांत लिहा.