‘अधिष्ठान’ : एका शब्दाचा विचार

पूर्वी घरोघरी पाण्याच्या जागी लाकडी घडवंची असे. चार पायांची ती चौकट. तिच्यावर भरलेले हंडे, कळशा ठेवीत. घट आणि मंच या दोन शब्दांवरून हे नाव आले. घट घडवंचीवर टेकतो. तिच्यावर सत्ता मात्र चालवीत नाही. ‘अधिष्ठान’ या शब्दाचे तसे नाही. ‘अधि’ म्हणजे वर, ‘स्था’ म्हणजे उभे राहणे. ज्यावर उभे राहावयाचे तेही अधिष्ठान, आणि वर राहून अधिकार चालविणे हेही अधिष्ठानच. व्याकरणातही याची खूण आहे. साधा आधार सप्तमीत येतो, परंतु ‘स्था’ला ‘अधि’ जोडला की पाणिनीच्या नियमाने (१.४.४६) आधारालाच कर्मसंज्ञा होऊन द्वितीया लागते.

शिल्पशास्त्रात देवालयाच्या जोत्याला अधिष्ठान म्हणतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या अधिष्ठानावर राजराज चोळाच्या काळचे तमिळ शिलालेख आजही दिसतात. वेदान्तात दोरीवर सर्प भासतो तेव्हा दोरी हे त्या भासाचे अधिष्ठान. सर्प भासला म्हणून दोरीला विष चढत नाही.

आता गीतेकडे वळू. भाषांतराच्या पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र ‘आधार’ हाच शब्द योजिला होता. तिसऱ्या अध्यायात (३.४०) इंद्रिये, मन आणि बुद्धी ही कामाची अधिष्ठाने सांगितली आहेत. तो भाग ऐकून एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “शास्त्रीबुवा, मग डोळे-कान हेच का आमचे वैरी? त्यांच्यावाचून संसार कसा करावा?” दोष माझ्या शब्दाचा होता. ‘आधार’ म्हटल्याने इंद्रिये जणू शत्रूला साहाय्य करतात असा अर्थ निघे. वस्तुतः शत्रू तेथे तळ देऊन बसला आहे. घर आपलेच आहे. पुढच्याच श्लोकात भगवान इंद्रियांचे नियमन करण्यास सांगतात, नाश करण्यास नव्हे. म्हणून मी तेथे ‘ठाणे’ घातले. हा शब्दही ‘स्था’ धातूच्याच कुळातला. ठाणे सोडवून घ्यावयाचे असते, पाडावयाचे नसते.

अठराव्या अध्यायात (१८.१४) मात्र ‘ठाणे’ चालणार नाही. कर्माच्या पाच कारणांत तेथे अधिष्ठान पहिले आहे, आणि शंकराचार्य त्याचा अर्थ शरीर असा करतात : इच्छा, द्वेष, सुख, दुःख, ज्ञान इत्यादी जेथे प्रकट होतात तो आश्रय. ज्या देहात शत्रूचे ठाणे, त्याच देहावाचून दान, सेवा, अतिथिपूजन काहीच घडत नाही. त्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मग उद्यापासून स्नान नीट करतो!”

चौथ्या अध्यायात (४.६) भगवान स्वतःच्या प्रकृतीला अधिष्ठून अवतार घेतात, तेथे आचार्यांचा अर्थ ‘वश करून’ असा स्पष्ट आहे. राहता राहिला पंधरावा अध्याय (१५.९). जीव श्रोत्र, चक्षू इत्यादी इंद्रिये आणि मन यांना अधिष्ठून विषय सेवितो. तो तेथे धनी म्हणून राहतो की बिऱ्हाडकरू म्हणून? त्या ठिकाणी मी मूळ शब्दच ठेवला आहे.