कलेची शिकवणी आणि सरकारी शिष्यवृत्ती

काही महिन्यांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला विचारलं, "सर, पखवाज वाजवून पोट भरतं का हो?" मुलगा तेरा वर्षांचा. चार वर्षं गुरुजींकडे शिकतोय. घरच्यांना कला नकोशी नव्हती, महिन्याची फी जड जात होती.

पूर्वी हा भार राजाश्रय उचलायचा. राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी आश्रय दिला, हे आपण जाणतोच. आज ते काम सरकारी योजना करतात. मात्र त्या आपणच शोधाव्या लागतात. शिक्षक आणि पालकांनी लक्षात ठेवाव्यात अशा तीन पायऱ्या :

१) वय 10 ते 14 : दिल्लीच्या 'सीसीआरटी' या केंद्राची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती. वर्षाला 3600 रुपये आणि शिवाय गुरूंची फी, ठराविक मर्यादेपर्यंत.

२) वय 18 ते 25 : केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती. दरमहा 5000 रुपये, दोन वर्षं. म्हणजे एकूण 1,20,000 रुपये. पैसे सहामाही हप्त्यांनी मिळतात. अट अशी, की गुरूकडे किंवा संस्थेत किमान 5 वर्षं शिक्षण झालेलं हवं.

३) वय 25 ते 40 : कनिष्ठ फेलोशिप. दरमहा 10,000 रुपये, दोन वर्षं, संशोधनाच्या कामासाठी.

आता यातली मेख बघा. पहिल्या शिष्यवृत्तीचं दार चौदाव्या वर्षी बंद होतं. त्याआधी निवड झाली, तर प्रगती पाहून ती पुढेही चालू राहते. संधी हुकली तर थेट अठराव्या वर्षापर्यंत थांबायचं. आणि मध्येच शिकवणी सोडली, तर तिथे पाच वर्षं कुठून दाखवणार? तेराव्या वर्षी फी वाचवली, की दोन्ही दारं बंद!

म्हणून तीन गोष्टी कराच. गुरूंकडून तारखांसह प्रमाणपत्र घ्या. कार्यक्रमांचे फोटो, बक्षिसांची पत्रं एका फाइलमध्ये लावा. अटी आणि रकमा बदलू शकतात, त्यामुळे चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचा.

त्या वडिलांसोबत बसून आम्ही अर्ज भरला. जागा मोजक्या आहेत, निवड होईलच असं नाही. निकाल यायचाय. पण पखवाजाची शिकवणी सुरू आहे.

तुमच्या वर्गात असं कुणी आहे का? त्याचं वय आजच विचारा.