संधिवाताभ संधिशोथ : रक्तवाहिन्या व अस्थी यांतील उपद्रव

संधिवाताभ संधिशोथ हा केवळ सांध्यांचा रोग नव्हे. दाह दीर्घकाळ टिकल्यास रोहिण्या कठीण व अरुंद होऊन हृदयविकाराचा संभव वाढतो. क्वचित लहान रक्तवाहिन्यांनाच शोथ येतो. तेव्हा नखांच्या कडेला काळे ठिपके दिसतात, पायांवर व्रण पडतात. अस्थीही विरळ होतात. मानेच्या वरच्या दोन मणक्यांचे बंध सैल झाल्यास मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो.

१९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन प्रथम वापरले, तेव्हा अंथरुणास खिळलेली रुग्ण स्त्री काही दिवसांतच चालू लागली. परंतु अशी औषधे दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. म्हणून वेदना थांबली की रोग हटला, असे मानू नये. दाह आरंभापासून आटोक्यात ठेवणे, हाच खरा प्रतिबंध होय.