गल्लीतले पिल्लू आजीच्या कामी

भाद्रपदानंतर दोनेक महिन्यांनी, दिवाळीच्या पुढेमागे, मुरगूडच्या गल्ल्यांतून कुत्र्यांची नवी पिल्ले दिसू लागतात. थंडीत कुडकुडणारे एखादे पिल्लू मुले उचलून घरी आणतात आणि घरातली मोठी माणसे कपाळाला हात लावतात. वाचकहो, हेच पिल्लू घरातल्या ऐकू न येणाऱ्या आजीच्या उपयोगी पडू शकते.

यात अशक्य असे काही नाही. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांना वाट दाखवण्यासाठी जर्मनीत १९१६ साली कुत्र्यांची शाळा निघाली. पुढे बहिऱ्या माणसांना आवाजाची वर्दी देणारी कुत्रीही तयार झाली. ही कामे जातिवंत कुत्र्यांचीच असे आपण समजतो. पण उत्तराखंड पोलिसांनी २०१९ साली 'ठेंगा' नावाचे रस्त्यावरचे कुत्रे वास काढण्याच्या कामासाठी तयार केले. मात्र अंध माणसाला रस्त्याने नेणे हे घरी शिकवण्याचे काम नव्हे. तिथे चूक झाली तर जीव जातो.

आणखी एक, कुत्रे शिकवण्याआधी आजीचे कान तपासून घ्या. पुष्कळदा नुसता मळ साचलेला असतो!

पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईजवळ असावे. चावण्याचा जोर किती लावायचा हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते. घरी आणल्यावर पहिली वारी जनावरांच्या दवाखान्यात. जंताचे औषध लगेच सुरू करावे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतले जंत माणसांना, विशेषतः लहान मुलांना बाधतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्व्हो, डिस्टेंपर यांची लस, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, आणि मग दरवर्षी. 'एवढ्याशा पिल्लाला कसला रेबीज' हा समज घातक आहे. लहान पिल्लाच्या दातानेही रेबीज होतो.

पिल्लू कामाचे आहे का, याची एक साधी पारख आहे. थोड्या अंतरावर ताट पाडा. दचकेल, ते साहजिकच आहे. पण दचकून पुन्हा हुंगायला येणारे पिल्लू शिकते. कोपऱ्यात बसून तासभर थरथरणारे पिल्लू प्रेमाने सांभाळावे, कामाला लावू नये. परदेशातल्या मोठ्या शाळांतूनही पुष्कळ कुत्री नापास होतात.

तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत, आधी माती उकरायला लावतात. इथेही पहिला धडा शांत बसण्याचा. अंगावर उडी मारली की पाठ फिरवायची, चारी पाय जमिनीवर टेकले की लाड करायचे. हे घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवे. नातू उड्या मारू देतो आणि आजोबा काठी उगारतात, अशाने पिल्लू गोंधळते. हा धडा कच्चा राहिला आणि वाढलेले कुत्रे आजीच्या अंगावर गेले, तर खुब्याचे हाड मोडून आजी अंथरुणाला खिळेल. त्या वयात नखाचा ओरखडाही लवकर भरत नाही, मधुमेह असेल तर पाहायलाच नको.

आता मूळ काम. आजीने मुठीत भाकरीचा तुकडा धरावा. पिल्लाने नाक मुठीला लावले की 'शाब्बास' म्हणून तुकडा द्यावा. हे आठवडाभर, दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटे, तेही जेवणाआधी. पोट भरलेले पिल्लू शिकत नाही. मग दुसऱ्याने दाराची कडी वाजवावी आणि लगेच आजीने मूठ पुढे करावी. काही दिवसांत कडी वाजली की पिल्लू आपणच आजीकडे वळते. मग आजीने दूर बसावे, नंतर दुसऱ्या खोलीत. शेवटी आजी दाराकडे चालू लागेपर्यंत खाऊ नाही. कडीचे पक्के झाल्यावरच कुकरची शिट्टी. यात काही महिने जातात, आणि वयात येताना कुत्रे शिकलेले विसरल्यासारखे करते. तेव्हा एक पायरी मागे यावे.

मार मात्र कधीच नको. मार खाल्लेले कुत्रे आधी गुरगुरते. त्या गुरगुरण्यालाही मारले तर ते गुरगुरणे सोडते आणि एक दिवस न सांगता चावते. बक्षीस म्हणून चॉकलेट, बेदाणे किंवा कांदा घातलेले काही देऊ नका, ही कुत्र्याला विषासारखी आहेत.

खेळताना दात लागून रक्त आले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, मग कुत्र्याला लस टोचलेली असो वा नसो. जाताना कुत्र्याच्या लसीचे कार्ड बरोबर न्यावे.