माणसाविषयीची धारणा आणि राज्यव्यवस्था

कोणतीही राजकीय विचारसरणी राज्याविषयी बोलण्यापूर्वी माणसाविषयी काहीतरी गृहीत धरते. ते गृहीतक ओळखले की तिचे कायदे तसेच का घडले, हे उलगडते.

इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात जगलेल्या थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. माणूस भय आणि स्वार्थ यांनी चालतो, असे मानल्यामुळे त्याला सर्वाधिकारी सत्ता अपरिहार्य वाटली. रूसोच्या मते माणूस मुळात निर्मळ असून विषम समाज त्याला बिघडवतो. म्हणून १७६२ मध्ये त्याने जनतेच्या सामूहिक इच्छेला सार्वभौम ठरविले. आपल्याकडे चातुर्वर्ण्याने तिसरेच उत्तर दिले. माणसाची योग्यता जन्माने ठरते, या धारणेतूनच एका अपराधाला वर्णानुसार निरनिराळी शिक्षा सांगणारी मनुस्मृती उभी राहिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तिचे दहन झाले, ते या धारणेचेच दहन होते.

भगवान बुद्धांनी माणसाला देव मानले नाही आणि पशूही मानले नाही. लोभ, द्वेष व मोह माणसात आहेत. परंतु मनावर संस्कार करता येतात, हा धम्माचा पाया आहे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच मुद्द्यावर भर दिला. बळाने आणलेला बदल बळ असेतोवरच टिकतो. मन पालटले तरच तो टिकाऊ होतो. त्याआधी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतही त्यांनी बजावले होते की, संवैधानिक नीती ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते. म्हणूनच आपल्या संविधानात सत्तेवर अंकुश आहे आणि माणसाच्या विकासावर विश्वासही आहे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, त्यामागे हाच विश्वास होता. आमच्यासारख्या निवासी शाळाही त्याच विश्वासावर चालतात. मात्र अभ्यासात मागे पडलेल्या मुलाविषयी आपल्यापैकी कोणी “याच्या रक्तातच शिक्षण नाही” असे सहज बोलून जातो, तेव्हा महाडला जाळलेली धारणा आपणच पुन्हा घरात आणतो. ते वाक्य आपल्या ओठांवर येऊ न देणे, हे धम्माचे आचरण आहे आणि संविधानाचेही.